पाण्याचा ताळेबंद

मराठी माणूस पाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. तो शत्रूला पाणी पाजतो, शेजाऱ्याला पाण्यात पाहतो, बुडालेल्या पैशांवर पाणी सोडतो आणि समोरच्याचं पाणी जोखतो. एवढं सगळं करून जे पाणी उरेल ते तो पितो. पण पिताना मात्र त्याला चव लागते. भाजीत मीठ कमी पडलं तर बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसणारा गृहस्थ परगावच्या पाण्याचा एक घोट घेतो आणि भर पंगतीत सांगतो, "नाही हो, आमच्याकडचं पाणी नाही हे! आमच्या पाण्यात डाळ कशी पटकन शिजते!" जणू काही तिकडची विहीर याच्या आजोबांनी स्वतः चाखत चाखत खणली होती.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. म्हणजे जे येतं ते जमेला धरायचं, जे जातं ते नावे टाकायचं आणि संध्याकाळी दोन्हींचा मेळ घालून घरी जायचं, एवढं मला पक्कं येतं. निदान गेल्या मे महिन्यापर्यंत तरी माझा तसा समज होता.

आमच्या घरात पाण्याच्या चोखंदळपणाची परंपरा वडिलांपासूनची. आम्ही लहानपणी एसटीनं गावी जायचो तेव्हा वडिलांच्या हातात एक फिरकीचा पितळी तांब्या असे. गाडी स्टँडात शिरून पुरती थांबायच्या आत वडील तांब्या घेऊन उतरलेले असत. मागून कंडक्टर ओरडे, "दहा मिनिटं हं!" वडील नळाशी जाऊन आधी एक चूळ भरत आणि निकाल देत. "हे बोअरचं. जड आहे." "हे नदीचं. हलकं आहे." "यात औषध फार टाकलंय." पसंत पडलं नाही तर तसेच स्टँडाबाहेर जाऊन पाणपोईच्या रांजणातलं पाणी भरून आणत. मग तो तांब्या आमच्या बाकावर फिरे. आधी मी, मग धाकटा भाऊ, मग वडील. आईपाशी आला की आई म्हणे, "नको. मला तहान नाही."

हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं ऐकतो आहे. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला शेपूचा वास सहन होत नाही, तशी आमच्या आईला प्रवासात तहान लागत नाही, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होती. किंबहुना आम्हाला तिचं कौतुकच होतं. उंटाबद्दल वाटतं तसं.

तर गेल्या मे महिन्यात तुळजापूरला जायचं ठरलं. आमचं कुलदैवत. मागच्याच वर्षी बँकेकडून स्टाफच्या व्याजदरानं कर्ज काढून मी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर, तिथून पुढे तुळजापूर पंचेचाळीस. आमच्या बँकेतला गाडी असलेला प्रत्येक माणूस सोलापूरला साडेतीन तासांत पोचतो. हीच मंडळी घरापासून चार किलोमीटरवरच्या बँकेत साडेदहाच्या आत का पोचत नाहीत, हे मला सुटलेलं कोडं नाही. मी आपलं चार तासांचं उद्दिष्ट ठेवलं. वाटेत थांबायचं नाही. थांबलं की सरासरी बिघडते.

मग पाण्याचं बजेट केलं. माणसं पाच : मी, सौ., आई, कन्या आणि चिरंजीव. दरडोई दोन लिटर, एकूण दहा. पाण्याचं एक बरं असतं, लिटरला किलो. कॉमर्सच्या माणसालाही वजन काढता येतं. पाणी विकतचं न घेता घरचंच न्यायचं, असा माझा आग्रह. १९६५ साली मुंबईत पहिल्यांदा बिसलेरीच्या काचेच्या बाटल्यांतून पाणी विकायला आलं, तेव्हा आमच्या वडिलांसारखी माणसं हसली असतील. पाण्याला पैसे? आता तर आपण त्या बाटलीच्या नावानंच पाणी मागतो. पण तीच प्लॅस्टिकची बाटली मे महिन्यात बंद गाडीत दोन तास तापू द्या आणि मग एक घोट घ्या. नव्या चपलेला तहान लागली असती तर तिनं ते आवडीनं प्यायलं असतं.

माझा पहिला प्रस्ताव माठ नेण्याचा होता. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, एवढंच त्याचं शास्त्र. त्यामुळे सोलापूरकडच्या कोरड्या हवेत माठ जीव तोडून काम करतो आणि कोकणातल्या दमट हवेत तोच माठ नोकरीत कायम झाल्यासारखा नुसता बसून असतो. "माठ मांडीवर कोण घेणार?" एवढा एकच प्रश्न विचारून सौ.नं प्रस्ताव फेटाळला. पूर्वी जीपगाड्यांच्या बाहेर कापडी छागल टांगत, तिचंही तत्त्व हेच. शेवटी मी पाच लिटरचा स्टीलचा डबा घेतला आणि त्याला ओला पंचा गुंडाळला. शिवाय बर्फाचा थर्मास, निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यानं दिलेली तांब्याची बाटली, मुलांच्या दोन बाटल्या आणि माळ्यावरून काढून चिंचेनं घासलेला वडिलांचा फिरकीचा तांब्या.

चवीचं खातं वेगळं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, तो पाणी रात्रभर पातेल्यात फडकं बांधून ठेवलं की बराचसा उडून जातो. उकळून गार केलेलं पाणी मुकं लागतं, कारण त्यातली हवा निघून गेलेली असते. ते या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत राहिलं की पुन्हा बोलायला लागतं. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात उभा राहून मी हे करत होतो. डब्यात वाळ्याची जुडी सोडली होती. सौ. म्हणाली, "एवढ्या प्रेमानं तुम्ही कधी दूध तापवलं नाहीत."

इतक्यात आमचे साडू आले. साडूंना प्रत्येक गोष्टीचं माप हवं असतं. त्यांनी खिशातून एक पेन काढलं. ते पाण्यात बुडवलं की पाण्यात विरघळलेले क्षार आकड्यात दाखवतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालतं, ही माहिती त्यांनी उभ्या उभ्याच दिली. आमच्या नळाचं पाणी ९० भरलं. साडू हसले. त्यांच्या घरच्या यंत्राचं पाणी ३० आहे. नमुना म्हणून त्यांनी बाटली आणलीच होती. आईनं फुलपात्रातून एक घोट घेतला आणि म्हणाली, "स्वच्छ आहे हो. पण बोलायला काही नाही या पाण्याकडे." आईचं बरोबर होतं. पाण्याला जी चव असते ती त्या क्षारांचीच. फार झाले की मचूळ, अगदी काढून टाकले की अळणी. साडू जरा हिरमुसले आणि ते पेन त्यांनी चिरंजिवांना भेट देऊन टाकलं.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, त्याप्रमाणे आम्ही पावणेआठला निघालो. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन. गाडी छान चालली होती. चिरंजिवांनी पेन बाहेर काढून गाडीतली सगळी भांडी तपासली. यवतच्या पुढे ढाब्यावर मी हवा तपासायला म्हणून थांबलो, तेवढ्यात त्यानं तिथल्या पिंपात पेन बुडवलं. "बाबा, अकराशे!" ढाबेवाल्याला वाटलं, सरकारी माणसं आहेत. त्यानं आम्हाला चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत, म्हणजे आम्ही चहा घेतलाच नाही तरी तो देऊ लागला. आई मागून म्हणाली, "अरे, पाण्याला नावं ठेवू नयेत."

मी दर वीस मिनिटांनी सहलीच्या मास्तरांसारखा पुकारा करत होतो, "पाणी घ्या! पाणी घ्या!" मी घेत होतो, चिरंजीव घेत होते. कन्या कानात काहीतरी घालून बसली होती. सौ. म्हणे, "घेते नंतर." आणि आई म्हणे, "मला तहान नाही रे." भिगवणच्या पुढे डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. मे महिन्यात ओसरलेलं असतं, तरी डोळ्यांना गारवा देतं. मी सगळ्यांना ते दाखवलं. आई म्हणाली, "हो, हो." पण तिनं तिकडे पाहिलं नाही.

इंदापूर गेलं, टेंभुर्णी गेलं. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. मोडनिंबच्या पुढे सौ. एकदम म्हणाली, "अहो, गाडी थांबवा." आईचं डोकं खिडकीला टेकलं होतं. हाक मारली तर ती माझ्या वडिलांना हाक मारल्यासारखं काहीतरी बोलली. ओठ कोरडे पडले होते. हात धरला तर हातालाही ओल नव्हती.

त्यानंतरच्या वीस मिनिटांत मी किती वेगानं गाडी चालवली, त्याची सरासरी मी काढलेली नाही.

मोहोळला एक छोटा दवाखाना सापडला. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी आईला तपासलं, रक्तदाब घेतला आणि विचारलं, "सकाळपासून पाणी किती घेतलंय यांनी?"

मी म्हणालो, "डॉक्टर, पाण्याची काही कमी नाही. गाडीत दहा लिटर आहे. नव्वद क्षारांचं. वाळा घातलेलं."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गाडीत किती आहे ते नाही विचारलं. पोटात किती आहे?"

पोटात सकाळचा अर्धा कप चहा होता. त्याशिवाय रक्तदाबाची गोळीही तिनं सकाळी घेतली नव्हती. ती गोळी घेतली की सारखं उठावं लागतं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं की शरीराला पाणी हवं असलं तरी तहान लागल्याचं नीट कळत नाही, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी तहानेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून पाणी प्यावं, आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नये. नर्सबाईंनी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालवली आणि आईला एकेक घोट पाजायला सुरुवात केली. पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचं, चमचा लहान, चहाचा, हे मी तिथेच वहीत लिहून घेतलं. दहा लिटर पाणी घेऊन निघालेल्या माणसाच्या वहीत ती पहिली उपयोगी नोंद.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. सौ. शेजारी बसली. मी म्हणालो, "एवढं चवीचं पाणी होतं गं. एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं?"

सौ. माझ्याकडे पाहत राहिली. "अहो, आई पाणी का पीत नाहीत हे तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"तहान लागत नाही तिला."

"मग मलाही लागत नाही," सौ. म्हणाली. "तुमच्या मुलीलाही लागत नाही. तुम्ही सकाळपासून दोनदा टायर बघायला उतरलात. एकदा यवतच्या पुढे आणि एकदा त्या बाभळीपाशी. आम्ही कुठला टायर बघायचा?"

मी कन्येकडे पाहिलं. तिनं कानातलं काढलं होतं. ती काही बोलली नाही, नुसती भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिली.

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतंच, हे मला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आणि मी नुसती जमेची बाजू भरून, तीही वाळा घालून, ताळेबंद मांडायला निघालो होतो. पाणी आत जातं तसं ते बाहेर यावं लागतं, आणि त्यासाठी एक दार लागतं, दाराला कडी लागते, हे माझ्या बजेटात कुठेच नव्हतं. पाचपैकी तीन खाती निष्क्रिय होती आणि मी दर वीस मिनिटांनी खातेदारांना नवीन योजना समजावून सांगत होतो.

मला वडिलांचा तांब्या आठवला. एसटी थांबली की वडील तांब्या भरायला उतरत, ते नुसता तांब्या भरूनच परत येत नसत, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मोहोळच्या बाकावर कळलं. त्या दहा मिनिटांत आई दोन मुलांना आणि सामानाला धरून बसून राहायची. २०११ साली मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' नावाची चळवळ सुरू केली तेव्हा ती बातमी मी बँकेत मोठ्यानं वाचली होती, आम्ही चार पुरुष हसलोही होतो, आणि मग मी पान उलटून खेळाच्या बातम्यांकडे वळलो होतो.

संध्याकाळपर्यंत आई उठून बसली. तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल तर डॉक्टरांची माफी मागितली. मग माझी. "तुझा वेळ गेला रे माझ्यापायी." चार तासांची सरासरी तिनंच मनावर घेतली होती. मी काही बोललो नाही. मला नेमकी त्याच वेळी गाडीची चावी सापडेना.

रात्री सोलापुरात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी तुळजापूरचं दर्शन झालं. कल्लोळ तीर्थ पाहिलं. गोमुखापाशी आईनं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. चिरंजिवांचा हात खिशातल्या पेनाकडे जाताना मी पाहिला, पण त्याआधी त्याच्या आजीनं पाहिला. पेन खिशातच राहिलं.

परतीच्या प्रवासाचा कारभार मी सौ.कडे सोपवला. तिनं जाहीर केलं की दर तासाभरानं गाडी थांबेल, कुणी म्हणो वा न म्हणो. म्हणायला लागू नये हाच मुद्दा. पहिल्या पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप होतं. चावी मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला. आमच्या बँकेत लॉकरला दोन चाव्या लागतात, एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. इथे एकीचाही पत्ता नव्हता, आणि आत कुणी दागिने ठेवले असतील असंही वाटत नव्हतं. मी गेली वीस वर्षं काउंटरवर गिऱ्हाइकांची बोलणी खातो आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा काउंटरच्या बाहेरून बोललो. मॅनेजर हात न धुता चावी घेऊन आला. चावीला क्रिकेटच्या बॅटएवढी फळी बांधलेली होती.

मी वही काढून रकाने आखले. स्थळ, कडी, दिवा, पाणी, बादली, शेरा. शेरे आई देत होती. टेंभुर्णीच्या अलीकडचा पंप : "कडी आहे, दिवा नाही." इंदापूरचं हॉटेल : "सगळं आहे, पण वास." त्यापुढचा एक पंप : "पाणी मचूळ, पण कडी काय सुरेख आहे!" एखाद्या दागिन्याबद्दल बोलावं तसं आई त्या कडीबद्दल पुढचे दहा किलोमीटर बोलत होती.

आणि दर थांब्यानंतर फिरकीचा तांब्या मागे जात होता. आधी आई, मग सौ., मग कन्या. आमच्यापर्यंत येईतो तो रिकामा झालेला असे. सोलापुरात भरून घेतलेलं पाणी भिगवणलाच संपलं. तिथल्या हॉटेलातल्या यंत्रातून तांब्या भरला. पेनात सहाशे आलं. आईनं तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोड आहे हो पाणी."

"आजी, सहाशे आहे ते!" चिरंजीव म्हणाले.

"असेल. तहान किती लागली होती!"

सोलापूर ते पुणे आम्हाला सात तास लागले. दुसऱ्या दिवशी बँकेत मी ते सांगितलं तेव्हा साडेतीन तासवाले सगळे माझ्याकडे दयेनं पाहू लागले. गाडीत काही बिघाड झाला का, असं एकानं विचारलंसुद्धा.

पण खरं सांगायचं राहिलंच. उरुळी कांचन मागे पडलं होतं, घर तासाभरावर आलं होतं. ठरलेले सगळे थांबे संपले होते. मी जरा वेग घेतला होता. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. चाळीस वर्षांत गाडीत तिनं पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं होतं.

"अरे, जरा बाजूला घे बघू. तो समोर पंप दिसतोय तिथे."

मी घाबरून ब्रेक दाबला. "काय झालं, आई? चक्कर येतेय?"

"छे रे," आई पदर सावरत, अगदी गंभीरपणे म्हणाली, "टायर बघायचाय."